काळी तीनचा भूप

इंदूरच्या आमच्या घरी पेटीवर कॅसिओ ठेवलेला असतो. अक्षरशः वर. खाली आजोबांची जुनी पेटी, तिच्यावर घडी घातलेली सोलापुरी चादर आणि चादरीवर पुतणीचा कॅसिओ. पेटी आता कोणी फारशी उघडत नाही. भात्याला एका कोपऱ्यात फट पडली आहे आणि खालच्या सप्तकातला एक सूर पट्टी न दाबताच गुणगुणत राहतो. उंची मात्र नेमकी जमते, म्हणून ती कॅसिओच्या पायाशी कामाला लागली आहे.

आजोबा रेल्वेत गार्ड होते, मीटरगेजवर. खंडव्याकडची गाडी घेऊन जायचे, पाताळपाणीचा घाट चढून परत यायचे, आंघोळ करायचे आणि दिवेलागणीला पेटी काढायचे. त्यांनी मला पहिला राग शिकवला तो भूप. त्यांची युक्ती सोपी होती. पांढऱ्या पट्ट्यांकडे बघायचंच नाही. काळी तीन म्हणजे सा. काळी चार रे, काळी पाच ग, मग वरची काळी एक प आणि काळी दोन ध. सप्तकात काळ्या पट्ट्या पाच, भूपात स्वरही पाच. चुकायची सोयच नाही.

पाच मिनिटांत मी काळ्या पट्ट्यांवरून वरखाली धावायला लागले आणि ओरडले, ‘आजोबा, भूप आला!’

‘भूपाचे स्वर आले,’ ते म्हणाले. ‘भूप यायला वेळ आहे.’

त्यांचं म्हणणं कळायला मला तीसेक वर्षं लागली. आणि ते कळलं एका जपानी पियानोवादिकेमुळे.

◆

तिचं नाव हिरोमी उएहारा. व्यासपीठावर ती नुसती ‘हिरोमी’ असते. तिचा ‘बियाँड स्टँडर्ड’ हा २००८चा अल्बम एका रात्री ऐकत होते. जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या चाली घेऊन तिने आणि तिच्या ‘सॉनिकब्लूम’ या चमूने त्यांची पार उलथापालथ केली आहे. त्यात एक चाल जपानी आहे : ‘उए ओ मुइते आरुको’. हाचिदाई नाकामुरा या जपानी संगीतकाराने, जो स्वतः जॅझ पियानो वाजवायचा, ती १९६१मध्ये बांधली. क्यू साकामोतोने गायलेलं ते गाणं १९६३मध्ये ‘सुकियाकी’ या भलत्याच नावाने अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ. इंग्रजी बोलणाऱ्या श्रोत्यांना उच्चारायला सोपं जावं म्हणून गाण्याला ते नाव चिकटवलं.

मी ऐकत होते आणि माझी उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. काळी तीन, काळी चार, काळी पाच. ती चाल बहुतांशी काळ्या पट्ट्यांवर बसत होती.

मग शोध घेतला. जपानी संगीतात या स्वररचनेला नाव आहे : योनानुकी. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानमध्ये स्वरांना आकड्यांची नावं दिली होती. हि, फु, मि, यो, इ, मु, ना. ‘यो’ म्हणजे चौथा, ‘ना’ म्हणजे सातवा आणि ‘नुकी’ म्हणजे काढून टाकलेले. चौथा आणि सातवा वगळलेले. आपल्याकडे संगीताच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात भूपाच्या माहितीची पहिली ओळ असते : मध्यम व निषाद वर्ज्य. मनि वर्ज्य, योनानुकी. दोन देशांनी एकमेकांना न विचारता एका गोष्टीला जवळजवळ एकच नाव दिलं होतं.

जपान्यांच्या दुसऱ्या एका स्वररचनेत, ‘मियाकोबुशी’त, कोमल रिषभ आणि कोमल धैवत येतात : सा, रे, म, प, ध. आपल्या कानाला ती गुणक्रीच्या स्वरांची वाटते.

पण आजोबांचं वाक्य आडवं आलंच. स्वर आले, राग कुठे आला? तेच पाच स्वर आपल्याकडे देशकारातही आहेत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधारावर जीव असलेला. देशकार सकाळचा, धैवतावर उभा राहणारा. स्वरांची यादी एकच, पण कुठे थांबायचं, कशावरून कशावर उतरायचं, कोणाला नुसता स्पर्श करून निघायचं हे वेगळं. त्याला आपण चलन म्हणतो. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ ज्या मेरुखंडासाठी ओळखले जातात, त्या हिशोबाने पाच स्वरांच्या १२० मांडण्या होतात. भूप त्या १२० मांडण्यांत कुठेच सापडत नाही, तो एका मांडणीकडून दुसरीकडे जाताना सापडतो. आणि नेमकं तिथेच पेटीचं घोडं पेंड खातं. भूपात पंचमावरून गंधारावर, वरच्या षड्जावरून धैवतावर मींडेने उतरायचं असतं. गळा घसरगुंडीवरून येतो. पेटीला मात्र जिना उतरावा लागतो, एकेक पायरी.

हिरोमीचं गाव मी तेव्हा नकाशात पाहिलं. हामामात्सु. त्या गावाची गोष्ट एका पायपेटीपासून सुरू होते.

◆

१८८७मध्ये हामामात्सुच्या एका प्राथमिक शाळेतला परदेशी बनावटीचा ऑर्गन बंद पडला. ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकवाल्यांची पायपेटी : पायाने भाता, हाताने पट्ट्या. जपानी शाळांत तेव्हा नवी शालेय गीतं शिकवायला सुरुवात झाली होती, आणि योनानुकी रुजली ती याच शालेय गीतांतून. ऑर्गन दुरुस्त करायला गावात एकच माणूस होता, तोही वैद्यकीय उपकरणं आणि घड्याळं दुरुस्त करणारा : तोराकुसु यामाहा. त्याने ऑर्गन उघडला, आतली रचना कागदावर उतरवून घेतली आणि ठरवलं की हे आपण इथेच बनवू शकतो.

किसाबुरो कावाई या कारागिराला सोबत घेऊन त्याने पहिला ऑर्गन बनवला. तो तपासून घ्यायचा तर तोकियोच्या संगीतशाळेत न्यायला हवा. दोघांनी तो काठीला बांधून खांद्यावर घेतला आणि हाकोनेचे डोंगर ओलांडत सुमारे अडीचशे किलोमीटर पायपीट केली. शाळेचे प्रमुख शुजी इसावा यांनी ऑर्गन वाजवून पाहिला आणि सांगितलं : बांधणी ठीक आहे, पण सूर लागलेले नाहीत. यामाहाला त्यांनी परत पाठवलं नाही. वर्गात बसवून सूर लावायचं शास्त्र शिकू दिलं. तो गावी परतला, दुसरा ऑर्गन बनवला आणि तो पसंत पडला. १८९७मध्ये त्याची ‘निप्पॉन गाक्की’ ही कंपनी उभी राहिली. आज ती यामाहा. बोधचिन्हात तीन स्वरकाटे आहेत. इसावांनी जे शिकवलं, ते तिथे कोरून ठेवल्यासारखं.

पुढे हामामात्सुतच दुसऱ्या एका कावाईची पियानो कंपनी निघाली. रोलंड ही सिंथेसायझर कंपनी ओसाकात १९७२मध्ये सुरू झाली आणि नंतर तीही हामामात्सुला आली. बिघडलेल्या एका पायपेटीतून अख्खं वाद्यनगर उभं राहिलं.

आपल्याकडे हीच पेटी थोडी आधी पोचली होती. १८४२मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅनने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. १८७५मध्ये कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढून टाकले, भाता मागे नेला आणि जमिनीवर बसून डाव्या हाताने वारा भरता येईल अशी पेटी केली. महाराष्ट्राने ती लगेच आपली केली. गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफिलीत मान मिळवून दिला. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत ऑर्गनचा भरदार आवाज गायकीचाच भाग बनला. गोविंदराव पटवर्धनांची बोटं तर गायकाच्या पुढच्या श्वासाचा अंदाज घेत फिरायची. संगीत नाटक इंदूरच्या मराठी माणसाच्या रक्तात आहे. नाटक मंडळ्या इथे मुक्काम टाकायच्या. अशाच एका कलावंत कुटुंबात, मास्टर दीनानाथांच्या पोटी, २८ सप्टेंबर १९२९ला लता जन्मली, इथल्या शीख मोहल्ल्यात.

मात्र आपल्या पेटीला भेटलेले परीक्षक इसावांसारखे नव्हते. पेटीला मींड नाही, श्रुती नाहीत, तिचे समान अंतरांचे बारा सूर आपल्या रागांशी जुळत नाहीत, हे आक्षेप खरेच होते. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नको होती. १ मार्च १९४०पासून लायोनेल फिल्डन यांच्या कारकिर्दीत ऑल इंडिया रेडिओने पेटी हद्दपार केली. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण केसकरांच्या काळातही ती बाहेरच राहिली. इंदूरचं आकाशवाणी केंद्र २२ मे १९५५ला सुरू झालं. म्हणजे मालवा हाउसच्या स्टुडिओत पहिली सोळा वर्षं पेटीला दार बंद. १९७१मध्ये बंदी सैल झाली तेव्हा आजोबा म्हणाले असं आजी सांगायची, ‘आता आपली बाई माहेरी आली.’

तसं पाहिलं तर आपल्याकडेही एक यामाहा होऊन गेला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१०मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने श्रुती हार्मोनियम घडवून घेतली. पेटीला बाहेर काढण्यापेक्षा तिला नीट बोलायला शिकवावं, असा त्यांचा विचार. पण बावीस श्रुतींच्या पट्ट्या सांभाळत वाजवायला बसणारा वादक मिळणं कठीण होतं. देवलांची पेटी संग्रहाची वस्तू झाली आणि साधी पेटी गावोगावच्या भजनात वाजत राहिली.

◆

रेडिओच्या आक्षेपाला इंदुरात जरा जास्तच धार होती, कारण हे गाव बीनेचं. उस्ताद बंदे अली खाँ होळकरांच्या दरबारात होते. देवासच्या रजब अली खाँनी त्यांच्याकडून तालीम घेतली. बीन म्हणजे रुद्रवीणा, मींडेचं सगळ्यात खोल वाद्य. एका पडद्यावर तार ओढत चार-चार स्वर काढायचे, आणि आधीचा स्वर विरेपर्यंत पुढच्याची घाई करायची नाही. या बीनकार घराण्याची परंपरा ज्याच्यापर्यंत पोचली, तोच माणूस पुढे जॅझच्या पियानोसमोर बसला, हा मला माळव्याच्या संगीतातला सगळ्यात गमतीचा योग वाटतो.

अब्दुल हलीम जाफर खाँ यांचा जन्म १९२७चा, इंदूरहून फार दूर नसलेल्या जावऱ्याचा. वडील जाफर खाँ स्वतः सतारीचे जाणकार. कुटुंब मुंबईला गेलं. मुलाची तालीम बीनकार घराण्याचे बाबू खाँ आणि नंतर मेहबूब खाँ यांच्याकडे झाली. वडील गेल्यावर घर चालवायला पैसा हवा होता. संगीतकार ख्वाजा खुर्शीद अन्वर यांनी त्यांना चित्रपटसृष्टीत आणलं आणि पुढची दोन दशकं सतारीची ती बोटं हिंदी चित्रपटांतून अख्ख्या देशाने ऐकली, वादकाचं नाव न कळता. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘गूंज उठी शहनाई’ हे चित्रपट वसंत देसाईंचे, ‘मुघल-ए-आझम’ आणि ‘कोहिनूर’ नौशादांचे. ‘कोहिनूर’मध्ये हमीर रागातल्या गाण्यावर दिलीपकुमार पडद्यावर सतार वाजवतो, तिचा सूर हलीम जाफर खाँचा. अभिनय खरा वाटावा म्हणून दिलीपकुमार सतार शिकला, तेव्हा शिकवणारेही तेच.

रवि शंकर, विलायत खाँ आणि हलीम जाफर खाँ अशी सतारीची त्रयी मानली जायची. पहिले दोघे जगभर पोचले, तिसऱ्याचं नाव जाणकारांत राहिलं. तरी त्यांनी ‘जाफरखानी बाज’ घडवला. त्यात उजव्या हाताचे आघात मोजके, बाकीचं काम डाव्या हाताचं. एकदा तार छेडली की तिच्या विरत जाणाऱ्या नादातच डाव्या हाताने मुरक्या, कण, खटके काढायचे. कर्नाटक संगीतातले कीरवाणी, लतांगी, हेमवती यांसारखे राग त्यांनी सतारीवर रुळवले. वीणावादक एमनी शंकर शास्त्रींबरोबर जुगलबंदी केली. चक्रधुनसारखे स्वतःचे राग बांधले. लोकांनी ज्याला पुढे ‘फ्यूजन’ म्हटलं, त्याची त्यांना पन्नासच्या दशकातच सवय होती.

१९५८मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने डेव्ह ब्रूबेकच्या जॅझ चौकडीला दौऱ्यावर पाठवलं. पोलंड, तुर्कस्तान, भारत, श्रीलंका, पाकिस्तान, इराण, इराक. शीतयुद्धात रशियाशी स्पर्धा होती, त्यातलं हे एक शस्त्र. ब्रूबेक कॅलिफोर्नियातल्या गुराखी बापाचा मुलगा. रँचवर घोड्याच्या टापा आणि पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा ठोका एकाच वेळी ऐकत दोन लयी डोक्यात चालवायला शिकलेला. मुंबईत त्याची गाठ हलीम जाफर खाँशी पडली आणि दोघे एकत्र वाजवायला बसले.

ती बैठक मी कल्पनेत अनेकदा पाहिली आहे. एकीकडे पियानो. त्याची तार पट्टीच्या टोकाला हातोड्याने वाजते. एकदा वाजली की वादकाचा तिच्यावर ताबा उरत नाही. दुसरीकडे सतार, जिच्यात तार वाजल्यावरच खरं काम सुरू होतं. सुरांच्या बाबतीत दोघांचं जुळणं अवघड. जुळलं ते लयीत, आणि समोरच्याने टाकलेला तुकडा उचलून त्याला उत्तर देण्यात. दौऱ्यानंतर ब्रूबेकने लिहून ठेवलं की हलीम जाफर खाँच्या सहवासात आपण वेगळं वाजवलं, आणि लोकसंगीताच्या मुळाशी गेलं की जगातली कुठलीच दोन संगीतं एकमेकांपासून फार दूर नसतात.

त्याच वर्षी निघालेल्या ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ या अल्बममध्ये ‘कॅलकटा ब्लूज’ आहे. तिथे जो मोरेलो ड्रमवर काठ्या न वापरता बोटांनी वाजवतो आणि खाली तंबोऱ्यासारखा एक सूर धरलेला असतो. पुढच्या वर्षी ‘टाइम आउट’ आला. त्यातला ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचा, तीन आणि दोन. झपतालाची दोन-तीन, दोन-तीन ही चाल अंगात भिनलेल्या कानाला ते दार उलट्या बाजूने उघडल्यासारखं वाटतं.

ब्रूबेकने तंबोऱ्याचा आवाज नुसता नक्कल म्हणून घेतला नाही. आपल्या वाद्यात काय नाही हे त्याने त्या बैठकीत ओळखलं आणि त्या उणिवेच्या दिशेने वाजवलं. हलीम जाफर खाँना १९७०मध्ये पद्मश्री, १९८७मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २००६मध्ये पद्मभूषण मिळालं. ४ जानेवारी २०१७ला ते मुंबईत वारले. इंदुरात त्यांची आठवण निघते ती बहुधा जुन्या गाण्यांच्या गप्पांत, आणि पियानोची गोष्ट सांगितली की समोरचा चकित होतो.

◆

आता पुन्हा जपान. लता जन्मली त्याच १९२९च्या डिसेंबरात मांचुरियात एका जपानी कुटुंबात तोशिको आकियोशी जन्मली. युद्धानंतर कुटुंब सर्वस्व गमावून जपानला परतलं आणि मुलगी अमेरिकी सैनिकांच्या क्लबांत पियानो वाजवू लागली. ऑस्कर पीटरसनने तिला तोकियोत ऐकलं. १९५६मध्ये ती बॉस्टनच्या बर्कलीत शिकायला गेली, तिथली पहिली जपानी विद्यार्थिनी. १९७४च्या ‘कोगुन’मध्ये तिने जॅझच्या बिग बँडसोबत ‘नोह’ नाटकाचे हुंकार आणि त्सुझुमी ढोलकाचा आवाज वापरला. जपानी जॅझमधलं हे एक मोठं वळण.

हिरोमी त्या वळणाच्या खूप पुढची. जन्म २६ मार्च १९७९, हामामात्सु. सहाव्या वर्षी पियानो. तिच्या पहिल्या शिक्षिका सुरांचं व्याकरण सांगण्याऐवजी रंग सांगायच्या. आवेगाने वाजवायचं असलं तर म्हणायच्या, लाल वाजव. हळवं हवं असलं तर निळं. त्यांच्याकडच्याच तबकड्यांवर हिरोमीने एरल गार्नर आणि पीटरसन ऐकले. सतराव्या वर्षी तोकियोत तिची चिक कोरियाशी भेट झाली. त्याने तिला वाजवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यक्रमात व्यासपीठावर बोलावलं. १९९९मध्ये तीही बर्कलीत गेली. अहमद जमालने तिला पाठबळ दिलं. २००३मध्ये पहिला अल्बम ‘अनदर माइंड’.

‘सॉनिकब्लूम’ ही चौकडी २००७ची. ‘टाइम कंट्रोल’ हा या चौकडीचा पहिला अल्बम. त्यात गिटारवर डेव्हिड फिउझिन्स्की होता, दोन दांड्यांची गिटार घेऊन. त्यातली एक दांडी बिनपडद्याची. हिरोमीच्या पियानोला जे करता येत नाही तेच करणारं वाद्य तिने शेजारी उभं केलं. तिच्या बोटांचा जिना आणि त्याची घसरगुंडी. मध्ये ती सिंथेसायझरवर जाते आणि तिथे तिलाही घसरता येतं, कारण सिंथेसायझरच्या डाव्या बाजूला सुराला वरखाली वाकवणारी एक दांडी किंवा चाक असतं. हे चाक सत्तरच्या दशकात मिनिमूगवर आलं. ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या चमूत यान हॅमरने ते वापरून पट्ट्यांवरून गिटारसारखा आवाज काढला. त्याच महाविष्णूचा जॉन मॅकलॉफ्लिन पुढे झाकिर हुसेनांबरोबर ‘शक्ती’त आला. म्हणजे मींडेची भूक लागलेली फक्त आपली पेटी नव्हती. भूक पट्टीवाल्या सगळ्याच वाद्यांना होती.

२००८मध्ये हिरोमीने चिक कोरियाबरोबर दोन पियानोंचा ‘डुएट’ काढला. मग अँथनी जॅक्सन आणि सायमन फिलिप्स यांच्याबरोबरचं त्रिकूट : ‘व्हॉइस’, ‘मूव्ह’, ‘अलाइव्ह’, ‘स्पार्क’. २०२१च्या जुलैमध्ये तोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात काबुकी नटाच्या आवेशाला तिचा पियानो जाब देत होता. २०२३मध्ये ‘ब्लू जायंट’ या ॲनिमेशनपटाचं संगीत. पण माझं मन त्या २००८च्या जुन्या चालीवरच अडकलं. पाच स्वरांची ती चाल हिरोमी आधी अगदी साधी मांडते, मग तिच्याखाली असे स्वरसंवाद सरकवते की त्याच पाच स्वरांचा अर्थ दर ओळीला बदलतो. आपण भूपाला चलनाने भूप करतो. तिने खालची जमीन हलवून चालीचं चलन बदललं. मार्ग वेगळा, काम तेच.

◆

आजोबांनी ज्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारल्या असत्या असा जपानी वादक मात्र मिनोरु मुकाइया. कॅसिओपिया हा जपानी जॅझ फ्यूजनमधला गाजलेला चमू. नाव आकाशातल्या शर्मिष्ठेचं. पहिला अल्बम १९७९चा, ‘मिंट जॅम्स’ १९८२चा. मुकाइया त्याचा कीबोर्डवादक, २०१२पर्यंत. यामाहाचा ‘डीएक्स ७’ १९८३मध्ये आला आणि जगभरच्या स्टुडिओंचा आवाजच बदलला. ती पिढी मुकाइयाची.

पण त्याचं दुसरं वेड रेल्वे. १९८५मध्ये त्याने ‘ओंगाकुकान’ ही कंपनी काढली आणि १९९५पासून संगणकावर आगगाडी चालवण्याचे खेळ बनवले. ते इतके तंतोतंत होते की पुढे रेल्वे कंपन्यांसाठी चालकांच्या प्रशिक्षणाची यंत्रंही तो बनवू लागला. आणि तो गाड्या सुटण्याच्या धुना बांधतो. जपानी फलाटावर गाडीचं दार बंद होण्याआधी काही सेकंदांची एक धून वाजते. तोकियो मेट्रोच्या तोझाई मार्गासाठी मुकाइयाने प्रत्येक स्थानकाला अशी वेगळी धून दिली आणि स्थानकं क्रमाने जोडली की त्या सगळ्या धुनांचं मिळून एक गाणं होतं.

हे वाचलं तेव्हा मला आजोबांची शिट्टी आठवली. हिरवा कंदील हलवून ते एकच लांब सूर काढायचे. त्या सुराला शेवटी किंचित उतार असायचा. गार्डची मींड.

कॅसिओ आमच्या घरी आला तेव्हा भावाने आजोबांना सूर वाकवणारं ते चाक शोधून दाखवायचा प्रयत्न केला होता. कॅसिओ छोटा होता, त्याच्यावर चाक नव्हतं. आजोबांनी काळी तीन दाबून पाहिली, मग काळी पाच. म्हणाले, ‘सूर पक्के आहेत. आमच्या पेटीपेक्षा पक्के.’ आणि पेटीकडे वळले. तिच्यावर ते पंचम धरायचे, भाता हलकेच सैल सोडायचे, पंचम मरता मरता गंधाराची पट्टी दाबायचे आणि पुन्हा भाता भरायचे. दोन पायऱ्यांमध्ये वारा कमी-जास्त करून त्यांनी एक सावली तयार केली होती. ती मींड नव्हे, पण मींडेची आठवण मात्र होती. विचारलं तर म्हणायचे, ‘जिन्यावर अंधार केला की पायऱ्या दिसत नाहीत.’

३१ मे २०२५ला इंदुरात मेट्रो सुरू झाली. सुपर कॉरिडॉरवरचा पहिला टप्पा, सहाएक किलोमीटर, स्थानकं पाच. पहिल्याच आठवड्यात पुतणीला घेऊन गेले. गर्दी रेल्वेगाडीपेक्षा जत्रेची होती. लोक पोहे-जलेबी खाऊन फोटो काढायला आले होते. पुतणी स्थानकं बोटांवर मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच.

‘सा, रे, ग, प, ध,’ मी म्हटलं.

ती हसली आणि खेळ पुढे नेला. प्रत्येक स्थानकाला एकेक स्वर गुणगुणायचा. मुकाइयाने केलं तेच, फुकटात. जाताना गाडी सगळीकडे सारखीच थांबली. तिच्या गळ्यातून पाच स्वर ओळीने आले, कॅसिओसारखे.

परतताना तिसऱ्या स्थानकावर गाडी काही कारणाने जरा जास्त वेळ उभी राहिली. दारं उघडी. पुतणीचा गंधार लांबला. श्वास संपत आला तसा आपोआप खाली वाकला आणि रिषभाला शिवून पुन्हा वर आला. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं.

आज आजोबा असते तर त्यांनी घड्याळ बघितलं असतं, म्हणाले असते, ‘गाडी लेट आहे.’ आणि मग, ‘आता आला.’